अकरा फाइली

आजही एक आलीच होती. घरच्या लॅपटॉपवर, नवऱ्याने उतरवलेल्या फाइलींत, आधीच्या दहांच्या खाली. नाव म्हणजे नुसती टक्क्याची चिन्हं, आकडे आणि सुटी इंग्रजी अक्षरं, हातभर लांब. साध्या फाइलीला असं नाव कोण देतं? काही लपवायचं असेल तोच.

"ऑफिसचं असेल काहीतरी," परवा तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, आणि घाईने लॅपटॉप मिटला होता. पहिली फाइल तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे वर्षभराची रजा संपवून ती कामावर रुजू झाली, त्याच आठवड्यातली. तिची पाठ फिरायला आणि हे सुरू व्हायला एकच गाठ पडली होती. तेव्हापासून तिला त्याच्या प्रत्येक शिट्टीचा, प्रत्येक गुणगुणण्याचा संशय येऊ लागला. एकदा तर ती माहेरी जायची बॅग काढून बसली होती.

शेवटी रविवारी तो सामान आणायला गेला तेव्हा तिने नणंदेला बोलावलं. नणंद वेबसाइटी तपासायचं काम करायची. वर्षाची लेक आत झोपली होती. नणंदेने यादी पाहिली आणि ती हसतच सुटली.

"वहिनी, दादाला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही! तो कसली गुप्त भाषा शिकतोय? अगं, साइटवर नाव मराठीत असणार. एका ब्राउझरला ते कळतं, दुसरा त्याचा असा भुगा करतो. आमची रोजची डोकेदुखी आहे ही. तू उघडून पाहिलीस तरी का?"

"धीर नाही झाला गं."

नणंदेने सगळ्यात जुनी फाइल कुठून आली ते शोधलं आणि तीच दुसऱ्या ब्राउझरमधून पुन्हा उतरवली. या वेळी नाव स्वच्छ मराठीत आलं. 'पहिलं पाऊल'. पाठवणारं, लेकीचं पाळणाघर.

पडद्यावर निळी सतरंजी दिसली. लेक खुर्चीला धरून उभी राहिली, डुलली, हात सोडले. एक, दोन, तीन पावलं, आणि बुदकन बसली. पाळणाघरातल्या बाई हसत बोलत होत्या, "बघा बाबा, कन्या चालली! आणि तुम्ही म्हणालात तसं तिच्या आईला नाही सांगत. घरी तिच्यासमोर चालेल तेच पहिलं."

तिने अकराही फाइली पाहिल्या. शेवटच्या फाइलीत लेक चक्क दारापर्यंत पळाली होती. आणि घरी? कामावरून आल्यापासून झोपेपर्यंत ती लेकीला कडेवरून खाली ठेवायचीच नाही. दिवसभराची ताटातूट भरून काढायची असायची ना.

"आता विचारणार दादाला?" नणंदेने हळूच विचारलं.

"कशाबद्दल?" ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी तिने लेकीला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि समोर जाऊन बसली. लेक डुलत डुलत निघाली.

"अगं, चालली!" नवरा दारातून ओरडला. "पहिल्यांदाच! आणि तुझ्याकडेच आली बघ!"

"हो," ती म्हणाली, "पहिल्यांदाच." आणि लेक हाताच्या अंतरावर आली तेव्हा तिला उचलायच्या ऐवजी ती हात पसरून बसल्याबसल्याच थोडी मागे सरकली.