पाण्यातलं अंगण

पडद्यावरची बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून, पाण्यावर शेणाचा हात फिरवत अंगण सारवत होती. सिनेमा संपला, दिवे लागले आणि फिल्म क्लबमध्ये वाद पेटला.

"नुसता भंपकपणा!" मागून कुणीतरी म्हणालं. क्लब चालवणाऱ्या इनामदार सरांना त्यात अबोध मनाचं प्रतीक दिसलं. मंचावर बसलेला दिग्दर्शक शांतपणे ऐकत होता.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, हात वर केला. त्यांचं गावाकडचं बोलणं ऐकून लोक हसतील, या धास्तीनं मी तो हात धरून खाली ओढला. "आबा, इथं नको."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोलणार होता?"

"आपलं गाव धरणात गेलं, तवापासनं तुझी आजी दर दिवाळीला काठावर जाऊन चिखल सारवायची. मरेपर्यंत. ह्या माणसाला ते कुणी सांगितलं, एवढंच इचारायचं हुतं."

हे मला कधीच माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. आत चर्चा अजून चालू होती.

"चला ना, आत्ता विचारू," मी कसंबसं म्हणालो.

आबांनी माझीच समजूत काढली. "ऱ्हाऊ दे. तुझ्या वळखीची माणसं हायती आत."