शालनचे हात

हृदयाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. दामोदरांची प्रतिकारशक्ती तपासणीत फारच कमी भरली, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या बायकोची, शालनची, काढून त्यांच्या रक्तात चढवली. आता जखम चिघळायची भीती नव्हती.

शालन मात्र गळून अंथरुणात पडली होती. रविवारचा कोळंबीचा बेत चुकवायचा नाही म्हणून दामोदर जन्मात पहिल्यांदा स्वतः कोळंबी सोलायला बसले. चारसहा सोलतात न सोलतात तोच हात लालबुंद झाले, गांधी उठल्या, खाजेने जीव नकोसा झाला.

"शालन, हे काय झालं गं?"

"गार पाण्यात धरा. संध्याकाळपर्यंत उतरतं," ती आतून म्हणाली.

"तुला काय माहीत?"



दर रविवारी वाढून झालं की शालन हात पदरात गुंडाळून बसायची. दामोदर त्याला सवय समजत आले होते.