कार्डाचं पथ्य

पडद्यावर पुन्हा हिरव्या रेघा उमटल्या, तशी गुरुदत्तांनी सुनेला हाक मारली. दोष द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

"समीक्षा, तू याला हात लावलास?"

"नाय बाबा."

"'नाय' नव्हे, 'नाही'."

"नाही बाबा."

लॅपटॉप अकरा वर्षांचा होता. गुरुदत्त निवृत्त उपअभियंता. आता ते या लॅपटॉपवर वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत. खांदा कॉलनीतले खड्डे, आजची पिढी, मराठीची दुर्दशा, त्यातून कोणीच सुटत नसे. स्वतः उभ्या नोकरीत रस्तेच बांधले होते, हे पत्रांत येत नसे.

समीक्षा बेलपाड्याची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. मुलाने, अपूर्वने, हट्टाने हे लग्न केलं त्याला तीन वर्षं झाली होती, तरी गुरुदत्तांच्या मते घरात मिठागर शिरलं होतं. गेल्याच आठवड्यात तिने दुपारपुरता लॅपटॉप मागितला होता. एका ऑनलाइन कोर्सचा अभ्यास होता, पास झाली तर नोकरी मिळणार होती, आणि मोबाईलवर त्यातलं निम्मं उघडत नव्हतं. कसला कोर्स, हे गुरुदत्तांनी विचारलंही नाही.

"हा पाटा-वरवंटा नाही," एवढंच म्हणाले.

दुरुस्तीवाल्याने ग्राफिक्स कार्ड मरायला टेकलंय, नवा लॅपटॉप घ्या, असं सांगितलं. गुरुदत्तांनी त्याला अडाणी ठरवलं आणि मदतीच्या एका मराठी साइटवर आपलं गाऱ्हाणं लिहिलं. तासाभरात 'निवारक' या नावाने उत्तर आलं.

'आपल्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखवण्याची सोय दोन ठिकाणी आहे. एक त्या कार्डात, दुसरी मुख्य प्रोसेसरमध्येच. सेटिंगमध्ये जाऊन कार्ड बंद करा. बाकीचं प्रोसेसर सांभाळेल.'

खाली पायऱ्या दिल्या होत्या. गुरुदत्तांनी त्या एकेक केल्या. रेघा गेल्या.

"याला म्हणतात ज्ञान! आणि भाषा बघ. एक शब्द चुकलेला नाही. वाच, काहीतरी शिकशील."

समीक्षाने ओढणीला हात पुसत वाचलं. "बाबा, हे कार्ड म्हंजे आधार कार्डासारखं अस्तं का?"

गुरुदत्तांनी उत्तर देण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

निवारक सरांना मात्र त्यांनी आभाराचं लांबलचक पत्र लिहिलं आणि पुढची निगा विचारली. सरांनी पथ्यं सांगायला सुरुवात केली. मांडीवरची उशी काढा, तिने हवा कोंडते. उशीबद्दल आपण कधी लिहिलं, ते गुरुदत्तांना आठवेना. पण जाणत्या माणसाला सगळं सांगावं लागत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मग आली धूळ. झाडूने ती उडते, तेव्हा फरशी रोज ओल्या फडक्याने पुसावी. ज्याचं यंत्र त्यानेच पुसावी, दुसऱ्याला ती कळकळ नसते. गुरुदत्त गुडघे टेकून फरशी पुसू लागले. समीक्षा मदतीला आली की तिला हाकलत.

त्यानंतर सरांनी दुपारचं बघितलं. एक ते चार यंत्र अगदी बंदही नको आणि जोरातही नको. कोणी नुसतं टाईप करत बसलं तरी चालेल.

एक ते चार ही गुरुदत्तांची झोपेची वेळ. त्यांनी सुनेला फर्मान सोडलं.

"मी नाय बसणार बाबा. माझी पण झोप जाईल."

"जाऊ दे. क, ख, ग बडवत बस. डोकं लागत नाही त्याला, म्हणून तुला सांगतोय."

ती तोंड पाडून बसली. दोन महिने रोज बसली.

अपूर्वला हे प्रकरण पटत नव्हतं. "बाबा, हा माणूस आधी विश्वास कमावतोय. एक दिवस पासवर्ड मागेल, मग बसाल बोंबलत."

"तुझी निवड आम्ही बघितली आहे," गुरुदत्त म्हणाले. "माणसं ओळखायचं आमच्यावर सोड."

एका संध्याकाळी समीक्षाने सांगितलं, करंजाड्याला एका दुकानात नोकरी लागली. दहा ते सहा.

"पुड्या बांधायला? काही गरज नाही," गुरुदत्त म्हणाले.

"बाबा, मी लय मेहनत केलीय याच्यासाठी."

"लय नाही. खूप."

ती आत निघून गेली. गुरुदत्तांनी सुनेच्या या खुळाबद्दल सरांकडे मन मोकळं केलं. आताशा ते सगळंच सरांना सांगत. या वेळी उत्तर यायला बराच वेळ लागला.

'घरगुती बाबतीत मी बोलू नये. मात्र दुपारची फोडणी कार्डाला फार वाईट. तेलाची वाफ आत जाऊन बसते. दुपारी घरात स्वयंपाक झाला नाही, तर यंत्र अजून पाच वर्षं सहज चालेल.'

पाच वर्षांत किती पत्रं लिहून होतील, याचा गुरुदत्तांनी अंदाज घेतला.

"जा तू नोकरीला," सकाळी ते म्हणाले. "माझा डबा भरून ठेवायचा आणि जायचं."

सोमवारी समीक्षा साडेनऊला घराबाहेर पडली. गुरुदत्तांनी फरशी पुसली, गार पोळी-भाजी खाल्ली आणि एक वाजता लॅपटॉपसमोर बसून स्वतःच क, ख, ग टाईप करू लागले. दहा मिनिटांत त्यांची मान दुखायला लागली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'आदरणीय सर, सून आजपासून कामावर जाते. दुपारी टाईप करायला घरात कोणी नाही आणि माझी झोप मोडते आहे. कार्डाला काही होणार नाही ना?'

अर्ध्या तासाने उत्तर आलं.

'उशीर झाला, एका गिऱ्हाईकाचा लॅपटॉप खोलून बसले होते. कार्ड तर आपण पहिल्याच दिवशी बंद केलंय, बाबा. बंद कार्डाला धूळ पण लागत नाय आणि फोडणी पण नाय. तुमी खुशाल झोपा. फरशी तेवढी पुसत जा, तुमच्या हातानं छान चमकते.'