अर्धे राहिलेले प्रश्न

एव्हांथियाचं रेडिएशन संपलं होतं. आता इम्युनोथेरपी घ्यायची की नको, हे डॉक्टरांना सांगायचं होतं. म्हणून वोलोस शहरातल्या इस्पितळात तिने म्हाताऱ्या स्टामातिसला पुन्हा गाठलं. त्यालाही फुप्फुसाचाच कॅन्सर होता आणि त्याने ते औषध घेतलं होतं.

"काका, अंगाला खाज सुटते?"

"सुटते. आमची म्हातारी म्हणते, माकड झालास!"

"कॉफीची चव?"

"जाते, मग येते."

"आणि गाठ?"

"वर्षभर गप्प बसली. तेवढ्या वेळात नातीला पोहायला शिकवलं. आता परत वाढतेय, म्हणून औषध बंद केलं."

एव्हांथिया चमकली. "मग आज इथे कशाला आलात?"

"परवा तुझे प्रश्न अर्धेच राहिले होते, पोरी."