माझ्या नावाचं वादळ

यंदा हवामानखात्यानं वादळांना ठेवलेल्या नावांत माझंही नाव निघालं, मर्डिना. स्कॉटलंडच्या या लुईस बेटावर माझा दरारा आधीच आहे, त्यात ही भर. माझा लेक टॉर्किल गावभर सांगत सुटला, "बोटी बांधून ठेवा रे, आमची आई येतेय!"

फेब्रुवारीत मर्डिना आलं. पार खाली इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलात चार छत्र्या उलटवून विरलं. आमच्याकडे दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलला नाही. गाव तोंड दाबून हसलं.

माझ्या पाठोपाठचं नाव होतं नोरा. आमच्या सुनेचंच, जिच्या तोंडातून कधी जोराचा शब्द निघाला नाही. मार्चात ते आलं नि गोठ्याचं छप्पर उचलून समुद्रात घेऊन गेलं.



सकाळी मी सुनेच्या उशाशी जाऊन विचारलं, "नोराबाई, चहात साखर किती घालू?"