तिसरा मोठा की चौथा

"चार मोठे का तीन? मंग! बाईच घोळ घालत्यात," खिडकीजवळची रेश्मा पुटपुटली.

व्हरांड्यात डाळ निवडणाऱ्या सगुणाबाईंना हसू आलं. भरे गावच्या शाळेत खिचडी शिजवता शिजवता कानांवर पडणारी ही त्यांची चौथी सातवी. आज परिमेय संख्यांचा लहानमोठेपणा. शुभांगीबाईंनी फळ्यावर दोनच संख्या लिहिल्या होत्या, एक छेद तीन आणि एक छेद चार. मोठी कुठली? अख्खा वर्ग ओरडत होता, "एक छेद चार!"

तेवढ्यात हैबतराव आले. सगुणाबाईंचा धाकटा भाऊ. शाळेला पंखे दिलेले, प्रत्येक पात्यावर नाव घातलेलं. गणितात तीनदा नापास झाले, ते मात्र कुठंच घातलेलं नव्हतं. बहिणीला पौडच्या कचेरीत न्यायचं होतं, हक्कसोडाच्या सहीला. बापाच्या जमिनीतलं मला काही नको, असं तिनं लिहून द्यायचं, मग माहेर शाबूत. नाही दिलं तर भाऊबीज बंद, हे न सांगता कळण्यासारखं होतं. गाडीत पैठणीसुद्धा आणून ठेवलेली. काय माया, गाव म्हणत होतं. त्यापुढचं काही गाव म्हणत नव्हतं.

"आक्का, आटप. सायेब जेवाया उठंल." मग त्यांची नजर फळ्यावर गेली. "आरं, एवढं येईना? तिसरा हिस्सा मोठा, चौथा बारका! त्याला काय वही लागती व्हय?"

शुभांगीबाई चाटच पडल्या. "बघा, हैबतरावांनी क्षणभर विचारसुद्धा केला नाही!" त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. हैबतरावांनी मान तुकवून त्या घेतल्या.

"पर मोठा कसा, काका?" रेश्मानं विचारलं.

हैबतराव खाकरले. वर, स्वतःच्या पंख्याकडं बघत राहिले.

सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसत त्या दारात आल्या.

"मी सांगते, पोरी. वाटंकरी वाढला की वाटा बारका हुतो. ह्ये तिघं भाऊ, न् मी चौथी. मी सही केली की ह्यांचा चौथा हिस्सा तिसरा हुतो. म्हैना झाला, ह्यो ह्येच गणित पाठ करतुया."

वळून त्यांनी सूप पुन्हा उचललं.

"हैबत, पैठणी माघारी ने. बारका तर बारका, मला माझा चौथाच पायजे."