घरचं पाणी

दादाने तळहात उघडून दाखवले आणि धाकटीने हातातला कप खाली ठेवला.

तळव्यांवर मिरीच्या दाण्यांएवढे कडक फोड उठले होते. छातीवर काळे-पांढरे ठिपके, धुळीच्या रस्त्यावर चार थेंब पडून जावेत तसे.

"कधीपासून?"

"झालं असेल दीड वर्ष. आता पायांना मुंग्या येतात. भट्टीपुढे उभं राहवत नाही."

दादा कारखान्यात लोखंड ओतायचा. धाकटी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. विहिरी-बोअरच्या पाण्यात शिसं किती, सोमल म्हणजे आर्सेनिक किती, हे शोधणं तिचं रोजचं काम. असे ठिपके तिने पुस्तकात पाहिले होते. सख्ख्या भावाच्या छातीवर पाहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

दादाच्या अंगणात स्वतःची बोअर होती. "दुसऱ्याच्या नळावर रांग कशाला लावायची? माझं पाणी माझ्या घरात," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. भट्टीच्या धगीत दिवसाला कळशीभर पाणी त्याला पुरत नसे.

"वहिनी, ही बाटली बोअरच्या पाण्याने भरून आण. आधी तीनदा विसळून घे."

वहिनी दारात उभी होती. ती बाटली घेऊन मुकाट्याने मागे गेली. नणंद-भावजयीचं फारसं कधी जमलं नव्हतं. धाकटी माहेरी आली की आधी मोरीत डोकावायची, मग पेल्याच्या कडेवरून बोट फिरवायची. "घासलाय ना?" वहिनी उलटून बोलायची नाही. पेला पुन्हा घासून आणायची.

धाकटीने दादाची नखं कापून पुडीत बांधली. वहिनी बऱ्याच वेळाने आली, बाटली बाहेरून पुसून, झाकण घट्ट लावून.

"एवढा वेळ?"

"पंप लवकर सुरू होत नाही, ताई."

धाकटीने बाटली उजेडात धरली. पाणी काचेसारखं नितळ होतं.

आठ दिवसांनी दोन्ही अहवाल तिच्या टेबलावर आले. नखांमध्ये सोमल, असायला हवा त्याच्या चाळीस पट. पाण्यात काहीच नाही. तिने पाणी पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदा तपासलं. यंत्र तेच सांगत होतं, आणि यंत्राला कुणाची भीडभाड नसते.

पाण्यात नाही, म्हणजे ताटात. आणि ताट वाढणारी घरात एकच होती.

ती दादाला आणायला गेली तेव्हा तिची नजर फडताळावर गेली. घुशी मारायच्या विषाचा डबा होता, निम्मा रिकामा. तिला आणखी काही बघायचं नव्हतं.

दादाचा विश्वास बसेना. "अगं, मला भरवल्याशिवाय ती घास घेत नाही."

"म्हणूनच," धाकटी म्हणाली.

तिने त्याला आपल्या घरी ठेवलं. दोन महिन्यांत त्याला भूक लागू लागली. मुंग्या कमी झाल्या. चौथ्या महिन्यात तो जिना एका दमात चढून आला, आणि वर येऊन पायरीवर बसला तो तोंड झाकून. आता त्यालाही पटलं होतं. पुरावा त्याच्या स्वतःच्या पायांत होता.

वहिनी दोनदा आली. दोन्ही वेळा धाकटीने तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"त्यांना एकदा बघू तरी द्या."

"त्याच्या जिवावर उठलीस, तेवढं पुरे नाही झालं?"

"मी? मी काय केलं, ताई?"

"ते तुझं तुला माहीत."

वहिनी आणलेली दादाच्या कपड्यांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. पोलिसांत जायचं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. दादाने हात जोडले, म्हणून ती गप्प बसली. बाईने तोंड दाखवू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. वहिनीने ते पाळलं. त्या घरात ती एकटीच राहिली.

पुढच्या वर्षी शेजारणीचा फोन आला. वहिनी सरकारी दवाखान्यात होती. दादा जागचा हलला नाही. धाकटी गेली. मरताना तरी बाई खरं बोलेल, असं तिला वाटत होतं.

खाटेवरची वहिनी ओळखू येत नव्हती. पायाची दोन बोटं काळी पडली होती. धाकटीला पाहून ती उठू लागली, चादर सारखी करू लागली. "बसा ना, ताई. पाहुण्यांना बसायला इथे धड जागाही नाही." तेव्हा तिचे तळहात दिसले. मिरीच्या दाण्यांएवढे फोड. मनगटापर्यंत.

"वहिनी, तुझ्याकडे जेवायला कोण येतं? डबा कुठून येतो?"

"डबा कसला? एकटीचं करून एकटी खाते."

"आणि पाणी?"

"आपल्याच बोअरचं. त्यांना दुसऱ्याच्या नळाचं चालायचं नाही ना. ते नाहीत म्हणून मोडायचं कशाला?"

"पण त्या पाण्यात काही नाही. मी स्वतः तपासलंय. तीन वेळा."

वहिनीने मान भिंतीकडे वळवली. चोरी पकडल्यावर लहान पोरीचा चेहरा होतो, तसा तिचा झाला.

"रागावू नका, ताई. आमच्या बोअरच्या पाण्याला नेहमी तांबूस गाळ बसायचा. तुम्ही नावं ठेवाल, म्हणून त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या नळावरून बाटली भरून आणली होती."